विझलेल्या भट्ट्यांचे उद्यान

ऱ्हाईन नदी जर्मनीच्या पश्चिम भागातून उत्तरेकडे वाहत जाते. तिला रूर नावाची उपनदी जेथे येऊन मिळते, तेथे डुइसबुर्ग हे शहर वसले आहे. या शहराच्या उत्तर भागात, मायडेरिख नावाच्या वस्तीजवळ, एक विस्तीर्ण सार्वजनिक उद्यान आहे. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ, फुलांचे ताटवे, कारंजी आणि लाल मातीच्या पाऊलवाटा उभ्या राहतात. मायडेरिखच्या उद्यानात मात्र प्रथम नजरेत भरतात ते गंजून तांबूस-काळे झालेले लोखंडी मनोरे, माणूस उभा राहून चालू शकेल एवढे जाड नळ, धूर ओकणे केव्हाच थांबवलेली धुराडी आणि काँक्रीटच्या रुंद भिंती. त्या भिंतींतून वेली चढल्या आहेत, रुळांच्या मधून भूर्ज वृक्ष उगवले आहेत, आणि सर्वांत उंच मनोऱ्याच्या माथ्यावर, जमिनीपासून सुमारे ७० मीटर उंचीवर, लहान मुले आपल्या आईबापांचा हात धरून सभोवारचा प्रदेश पाहत असतात. ज्या मनोऱ्यावर ती उभी असतात, त्याच्या पोटात एके काळी लोखंड वितळत होते.

हे उद्यान कसे झाले ते समजण्यासाठी आधी तेथील नदीची गोष्ट सांगितली पाहिजे. ही नदी ऱ्हाईन नव्हे आणि रूरही नव्हे. तिचे नाव एम्शर. डोर्टमुंड शहराच्या पूर्वेस उगम पावून सुमारे ८० किलोमीटर वाहत येणारी ही लहानशी, संथ, वळणावळणाची नदी. तिच्या खोऱ्याला उतार फार थोडा, त्यामुळे दोन्ही तीरांवर दलदल आणि कुरणे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे शेतकऱ्यांच्या विरळ वस्त्या होत्या. मग त्या कुरणांखाली दगडी कोळशाचे थर सापडले आणि पन्नास वर्षांत सारे चित्र पालटले. खाणी निघाल्या, कोळशापासून कोक तयार करणाऱ्या भट्ट्या पेटल्या, पोलादाचे कारखाने उभे राहिले आणि दूरदूरच्या प्रांतांतून लाखो माणसे पोटासाठी येऊन राहिली.

एवढ्या माणसांचा मैला आणि एवढ्या कारखान्यांचे सांडपाणी जावे कोठे? ते एम्शरमध्ये गेले. त्यात आणखी एक संकट होते. जमिनीखालचा कोळसा काढून घेतल्यावर वरची जमीन खचू लागे. कोठे एक मीटर, कोठे अनेक मीटर. जमीन खचली की नदीचा उतार मोडे. पाणी पुढे न जाता वस्तीत पसरे आणि तुंबून राही. विषमज्वराच्या साथी येत. १८९९ साली तेथील नगरे, खाणी व कारखाने यांनी मिळून एक सहकारी संस्था स्थापन केली आणि नदीचा प्रश्न तिच्या हाती दिला. सांडपाण्यासाठी जमिनीखालून नळ घालावेत, हा सरळ उपाय तेथे चालण्यासारखा नव्हता. कारण खचणाऱ्या जमिनीत नळ फुटले असते. म्हणून नदीलाच गटार करण्यात आले. तिची वळणे काढून टाकली, तळ खोल केला, बाजूंना काँक्रीटच्या लाद्या बसवल्या आणि उघड्यावरून सर्व घाण ऱ्हाईनकडे वाहून नेली. जमीन खचतच राहिल्याने नदीचे मुखही दोनदा, १९१० च्या सुमारास आणि पुन्हा १९४९ साली, उत्तरेकडे सरकवावे लागले. मूळ प्रवाहाचा जो तुकडा मायडेरिखकडे मागे उरला, त्याला लोक जुनी एम्शर म्हणू लागले. तिच्या काठाशी कुंपण असे, कारण गुळगुळीत लाद्यांवरून पाय घसरला तर मूल वर येऊ शकत नसे. नदीकाठी राहूनही नदीला स्पर्श न केलेल्या तीन पिढ्या त्या मुलखात वाढल्या.

या जुन्या एम्शरच्या काठी ऑगस्ट थिसेन या उद्योगपतीने विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडाचा कारखाना काढला. १९०३ साली पहिली झोतभट्टी पेटली. झोतभट्टी म्हणजे काय, ते थोडे नीट पाहू. कारण पुढे उद्यानात जे जे काही दिसते, त्याचा उलगडा तिच्या कार्यावरूनच होतो.

झोतभट्टी हा आतून अग्निरोधक विटांचे अस्तर लावलेला उंच पोलादी मनोरा. त्याच्या वरच्या तोंडातून लोहखनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर टाकीत राहावयाचे व खालच्या बाजूने तापलेल्या हवेचा जोरदार झोत सोडावयाचा. ही हवा हजार अंशांहून अधिक तापवलेली असते. ती तापवण्यासाठी भट्टीशेजारी गोल घुमटाचे उंच स्तंभ उभारतात. कूपर नावाच्या इंग्रज यंत्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ते शोधून काढले, म्हणून त्यांना त्याचेच नाव आहे. झोताने कोक जळतो, त्यापासून निघालेला वायू खनिजातील प्राणवायू हिरावून घेतो आणि लोखंड वितळून तळाशी जमते. चुनखडीच्या संगतीने दगडमातीचा भाग मळीच्या रूपाने त्यावर तरंगतो. ठरावीक वेळाने भट्टीच्या तळाचे छिद्र फोडून लोखंडाचा पांढराशुभ्र रस वाळूच्या पाटांतून बाहेर सोडतात. भट्टीच्या माथ्यातून निघणारा वायू विषारी, पण जळणारा असतो. तो धूळ काढून एका प्रचंड टाकीत साठवतात आणि पुन्हा हवा तापवण्यासाठी व यंत्रे चालवण्यासाठी वापरतात. एकदा पेटलेली झोतभट्टी वर्षानुवर्षे विझवीत नाहीत. ती थंड झाली तर आतला रस गोठून बसतो. म्हणून दिवस असो वा रात्र, सण असो वा रविवार, कामगारांच्या पाळ्या अखंड चालू राहतात. भट्टीच्या वेळापत्रकावर घरातील चूल पेटते आणि घरातील दिवा मालवतो.

मायडेरिखच्या कारखान्यात अशा पाच भट्ट्या होत्या. निरनिराळ्या कामांसाठी लागणारे निरनिराळ्या गुणांचे लोखंड तेथे तयार होई. ८२ वर्षांत सुमारे ३ कोटी ७० लाख टन लोखंड तेथून बाहेर पडले. शेवटची, पाचवी भट्टी १९७३ साली बांधली गेली आणि अवघ्या बारा वर्षांनी, १९८५ च्या एप्रिल महिन्यात, तीही विझली. ती मोडली नव्हती, जुनीही झाली नव्हती. युरोपात मागणीपेक्षा अधिक पोलाद तयार होत होते. प्रत्येक देशाने किती उत्पादन करावे याची मर्यादा ठरवण्यात आली होती आणि त्या हिशेबात हा कारखाना बसेनासा झाला. कामगारांच्या कौशल्यात काही उणे नव्हते. पण कागदावरील आकड्यांपुढे कौशल्याचे काही चालत नाही, हा अनुभव त्या काळात साऱ्या रूर प्रदेशाला येत होता. दोनच वर्षांनी त्याच शहरातील ऱ्हाईनहाउझेन येथील मोठा पोलादाचा कारखाना बंद होणार असे जाहीर झाले, तेव्हा कामगारांनी अनेक महिने लढा दिला आणि ऱ्हाईनवरील पूल रोखून धरला. अखेर १९९३ साली तोही कारखाना बंद पडला.

भट्टी विझली; पुढे काय? सुमारे २०० हेक्टर जागा, तीवर लोखंडाचे अजस्र सांगाडे, आणि जमिनीत आठ दशकांचे विष. गावात दोन मते होती. हे सारे पाडून जागा मोकळी करावी, असे पुष्कळांना वाटत होते. त्यांचे म्हणणे चूक म्हणता येणार नाही. ज्या कारखान्याने आपल्याला वाऱ्यावर सोडले, त्याचा सांगाडा रोज खिडकीतून का पाहावा? गंजके लोखंड म्हणजे पराभवाची खूण, ती जितकी लवकर पुसली जाईल तितके बरे, असे त्यांना वाटे. दुसऱ्या बाजूला काही नागरिक होते. ते म्हणत, आमच्या आज्यांनी आणि बापांनी जेथे जन्म घालवला ती जागा पुसून टाकली, तर आमच्याजवळ उरले काय? या प्रदेशात ना राजवाडे, ना प्राचीन देवालये. आमचे जे काही स्मारक आहे ते हेच. त्यांनी संघटना बांधली, सभा घेतल्या आणि पाडकामाला विरोध केला. पाडण्याचा खर्च काही थोडाथोडका नव्हता, हेही त्यांच्या पथ्यावर पडले. शेवटी नॉर्डऱ्हाईन-वेस्टफालिया राज्याच्या भूमिनिधीतून ती जागा विकत घेण्यात आली.

याच सुमारास, १९८९ साली, राज्य सरकारने एम्शरच्या खोऱ्यासाठी दहा वर्षांची एक मोठी योजना हाती घेतली होती. कार्ल गान्झर हे तिचे प्रमुख. खोऱ्यातील पडीक औद्योगिक जागा, नदी, घरे आणि उद्योग यांचा एकत्र विचार करावा, हे त्या योजनेचे धोरण होते. मायडेरिखच्या जागेसाठी पाच तज्ज्ञ गटांना निमंत्रण देऊन त्यांच्याकडून आराखडे मागवण्यात आले, आणि त्यांतून पेटर लाट्झ या उद्यानरचनाकाराच्या आराखड्याची निवड झाली. लाट्झ यांचा जन्म १९३९ सालचा. युद्धानंतरच्या पडझडीत त्यांचे बालपण गेले होते. मोडक्या वस्तूंचा उपयोग कसा करावा हे त्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही.

कारखान्याच्या जागी उद्यान करण्याची कल्पना तेव्हा अगदीच नवी होती असे नाही. अमेरिकेतील सिॲटल शहरात, युनियन सरोवराच्या काठी, कोळशापासून वायू तयार करणारा एक कारखाना १९५६ साली बंद पडला होता. रिचर्ड हाग या रचनाकाराने त्यातील यंत्रांचे मनोरे जसेच्या तसे राखून तेथे १९७५ साली उद्यान उभे केले. पण ते उद्यान आकाराने लहान. मायडेरिखला एक संपूर्ण कारखाना, त्याच्या रेल्वेसह, नदीसह आणि कचऱ्याच्या ढिगांसह, उद्यानात सामावून घ्यावयाचा होता.

लाट्झ यांनी काय केले, यापेक्षा काय केले नाही हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. त्यांनी जागा पुसून कोरी केली नाही. जे आहे ते मोजले, त्याचा जुना उपयोग समजून घेतला आणि मग त्याला नवे काम दिले. कारखान्यात चोहोंकडून रेल्वेचे रुळ येत. काही उंच बांधावरून, काही खोल खंदकातून. एका ठिकाणी तर अनेक रुळ पंख्याप्रमाणे पसरले होते आणि एक आड एक खाली-वर होत गेले होते. दुरून पाहता वीणेच्या तारांप्रमाणे ते दिसतात. या बांधांवरूनच फिरण्याच्या व सायकलींच्या वाटा काढण्यात आल्या. लोहखनिज आणि कोक साठवण्यासाठी काँक्रीटच्या जाड भिंतींची कोठारे होती. त्यांच्यावरून जाणारा उंच पादचारी पूल केला आणि खाली, छप्पर नसलेल्या त्या कोठारांत, लहान लहान बागा फुलवल्या. वरून चालणाऱ्याला प्रत्येक कोठार म्हणजे एक उघडी पेटी वाटते. एकीत कातरलेली हिरवी कुंपणे, दुसरीत नेचे, तिसरीत मोगली बागेसारखी नक्षी नसून नुसतीच शांत सावली. काही भिंती अशा उंच आहेत की जर्मन गिर्यारोहक मंडळाच्या स्थानिक शाखेने त्यांवर कड्याप्रमाणे चढण्याच्या वाटा तयार केल्या. सपाट मुलखात राहणाऱ्या मुलांना डोंगर चढण्याचा सराव लोखंडाच्या कोठारात मिळू लागला. एका जाड भिंतीतून आरपार एक घसरगुंडीही नेली आहे.

विषाचा प्रश्न मात्र इतका सोपा नव्हता. कोळशापासून कोक तयार करताना जी डांबरासारखी द्रव्ये निघतात, ती वर्षानुवर्षे जमिनीत झिरपली होती. खनिजाची भुकटी भाजून तिचे गोळे करणारा जो विभाग होता, त्याच्या इमारती इतक्या दूषित होत्या की त्या ठेवणे शक्य नव्हते. त्या पाडाव्याच लागल्या. सर्वांत विषारी माती जुन्या कोठारांत भरून वरून पक्की बंद करण्यात आली. सारी माती उपसून दुसरीकडे नेता आली असती. पण मग ते विष दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात गेले असते. जेथे दोष सौम्य होता तेथे जमीन झाडांच्या आणि सूक्ष्म जीवांच्या हवाली केली. ते काम फार मंद गतीने चालते, त्याला दशके लागतात. अशा काही भागांत आजही भाजीपाला पिकवण्यास योग्य जमीन नाही, तेथे फक्त फिरावे. पाडलेल्या इमारतींच्या विटा व काँक्रीट फेकून दिले नाही. त्यांचा चुरा करून काही नव्या भिंतींत वापरला, काही झाडांच्या मुळाशी घातला.

आता पाण्याकडे वळू. उद्यानाच्या मधोमध पूर्व-पश्चिम वाहणारी जुनी एम्शर म्हणजे उघडे गटार होते. प्रथम त्यातील सांडपाणी सुमारे साडेतीन मीटर व्यासाच्या भूमिगत नळात बंदिस्त केले. वरचा पाट रिकामा झाला. त्यात पाणी आणावे कोठून? लाट्झ यांनी आकाशाकडे पाहिले. इमारतींच्या छपरांवर आणि फरसबंद अंगणांवर पडणारे पावसाचे पाणी गोळा करावयाचे, ते जुन्या नळांतून व पन्हळींतून उघड्यावर खेळवावयाचे, कारखान्याच्या जुन्या शीतकुंडांत व गाळकुंडांत निवळू द्यावयाचे आणि मग पाटात सोडावयाचे. पाटाच्या तळाशी चिकणमातीचा थर दिला, कारण खालच्या दूषित मातीचा स्पर्श या पाण्याला होता कामा नये. पाणी साचून कुजू नये म्हणून एका जुन्या मनोऱ्यावर पवनचक्की बसवली. ती पाणी वर उचलते, ते उंचावरून पुन्हा खाली पडते आणि पडता पडता हवेतील प्राणवायू घेते. पाऊस पडत असताना हे सारे पाहावे. कोठे नळाच्या तोंडातून धार पडते आहे, कोठे पन्हळीतून थेंब थेंब ठिबकते आहे, आणि ज्या यंत्रणेने एके काळी नदी नासवली तीच आता तिला पाणी पाजते आहे. खरे सांगावयाचे तर ही पूर्वीची नदी नव्हे. तो माणसाने घडवलेला पाट आहे, आणि लाट्झ यांनीही ती गोष्ट कधी लपवली नाही; पाटाच्या कडा सरळ रेषेत ठेवल्या, खोटी वळणे दिली नाहीत. पण त्यात आता वनस्पती आहेत, चतुर आहेत आणि काठाशी कुंपण नाही.

वायूच्या टाकीचे जे झाले ते तर कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. सुमारे ४५ मीटर व्यासाच्या त्या गोल टाकीत १३ मीटर खोलीपर्यंत पाणी भरण्यात आले. दोन कोटींहून अधिक लिटर पाणी त्यात मावले. पाणबुड्यांना शिकण्यासाठी तो एक बंदिस्त डोह झाला. तळाशी कृत्रिम खडक आणि बुडालेल्या नावेचे अवशेष ठेवले आहेत, म्हणजे शिकणाऱ्याला समुद्राच्या तळाचा थोडा भास व्हावा. समुद्र तेथून बराच दूर आहे.

वीज व हवेचा झोत निर्माण करणाऱ्या यंत्रांच्या प्रशस्त दालनांत आता संगीताचे व नाटकांचे कार्यक्रम होतात. पहिल्या भट्टीपुढील ज्या दालनात लोखंडाचा रस ओतला जाई, तेथे उन्हाळ्याच्या रात्री चित्रपट दाखवतात. कारखान्याच्या जुन्या कचेरीच्या इमारतीत युवक-निवास आहे. १९९६ साली जोनाथन पार्क या ब्रिटिश कलावंताने भट्ट्यांवर रंगीत दिव्यांची योजना केली. पूर्वी रात्री लोखंडाचा रस सोडला की सारे आकाश तांबडे होई, तो प्रकाश गावकऱ्यांच्या आठवणीत होता. दिव्यांचा प्रकाश तो नव्हेच. तरी म्हाताऱ्या माणसांना तो पाहून काय वाटले असेल याची कल्पना करता येते. उद्यानाला दार आहे, पण त्याला कुलूप नाही. रात्री-अपरात्री केव्हाही कोणीही जावे, प्रवेशमूल्य नाही.

वनस्पतींविषयी एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा कारखाना चालू असताना जगाच्या निरनिराळ्या भागांतून लोहखनिज जहाजांनी येत असे. खनिजाबरोबर मातीही येई, आणि मातीबरोबर परदेशी रानगवतांची बीजेही येत. कारखाना चालू होता तोवर त्यांना रुजावयास सवड नव्हती. भट्ट्या विझल्या, माणसांची व वाघिणींची ये-जा थांबली, आणि ही अनाहूत बीजे रुळांमधून, मळीच्या ढिगांवरून, कोळशाच्या काळ्या भुकटीतून वर आली. चांगल्या काळ्याभोर शेतात त्यांचा टिकाव लागला नसता, कारण तेथे बळकट झाडांनी त्यांना दडपले असते. येथे माती निकृष्ट, म्हणून स्पर्धक थोडे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या जागेवर शेकडो जातींची नोंद केली आहे. माळ्याने न लावलेली ही बाग आहे, आणि ती उपटून तेथे गुलाब लावण्याचा मोह लाट्झ यांनी टाळला, हे त्यांच्या रसिकतेचे गमक मानावे लागेल. या रानात मधूनमधून चौकोनी आखणीत लावलेली झाडे दिसतात. तेवढीच माणसाची सही.

१९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. पुढे जगभरातून रचनाकार ते पाहावयास येऊ लागले, त्याची वर्णने ग्रंथांत आली, लाट्झ यांना सन्मान मिळाले. पण या कौतुकात एक गोष्ट विसरू नये. उद्यानाने गेलेल्या नोकऱ्या परत आणल्या नाहीत. पाणबुडीचे शिक्षण देणारे, कार्यक्रमांची व्यवस्था पाहणारे, वाटा झाडणारे अशा काही माणसांना काम मिळाले. भट्ट्यांवर पोट भरणाऱ्या हजारोंच्या मानाने ते किती? रूर प्रदेशात दगडी कोळशाची शेवटची खाण २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली. बेकारी हे त्या प्रदेशाचे जुने दुखणे आहे आणि कितीही सुंदर बाग केली तरी ते तिच्याने बरे होणारे नाही. ज्यांनी भट्टीपुढे घाम गाळला, त्यांतील कोणाला तेथे आनंदाने फिरणाऱ्यांचा राग आला असेल, तर तो राग समजण्यासारखा आहे.

तरी त्यांच्यापैकीच काही जण उद्यानात परत आले. पाहुण्यांना कारखाना दाखवण्याचे काम जुन्या कामगारांकडे देण्यात आले. पुस्तक वाचून आलेला मार्गदर्शक भट्टीचे तापमान सांगतो. भट्टीवर तीस वर्षे राबलेला माणूस छिद्र फोडताना कोणत्या बाजूला उभे राहावे लागे, ज्वाळेच्या रंगावरून काय ओळखावे, आणि चूक झाली म्हणजे काय होई, हे सांगतो. अशी माणसे वयोमानाप्रमाणे आता थोडीच उरली आहेत.

एम्शरची मुख्य धाराही या अवधीत बदलली. खाणी बंद होत गेल्या तसतशी जमीन खचणे थांबले आणि जे १८९९ साली अशक्य होते ते शक्य झाले: भूमिगत नळ. १९९२ साली काम सुरू झाले. डोर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत ५१ किलोमीटर लांबीचा मुख्य नळ, काही ठिकाणी जमिनीखाली ४० मीटर खोल, घालण्यात आला. उपनद्यांकाठी शेकडो किलोमीटरचे लहान नळ आणि सांडपाणी शुद्ध करणारी नवी केंद्रे झाली. सुमारे साडेपाच अब्ज युरो खर्च होऊन २०२१ च्या अखेरीस एम्शरमध्ये उघडे सांडपाणी जाणे थांबले. एका नदीला गटार करण्यास जितकी वर्षे लागली, त्याहून तिला पुन्हा नदी करण्यास थोडीशी अधिकच लागली असावीत. तेथे नदीच्या तळाशी राहणारा एक लहान मासा होता. मुख्य प्रवाह नासला तेव्हा तो बोये नावाच्या एका ओढ्याच्या उगमाकडील स्वच्छ पाण्यात कसाबसा टिकून राहिला होता. आता त्याला खालच्या ओढ्यांत पुन्हा वस्ती करता येऊ लागली आहे.

मायडेरिखच्या उद्यानात भट्ट्यांच्या मधोमध एक चौक आहे. ओतशाळेत साच्यांचे खड्डे झाकण्यासाठी पोलादाचे जाड पत्रे असत. प्रत्येक पत्रा सुमारे २.२ मीटर चौरस आणि सात-साडेसात टन वजनाचा. लोखंडाच्या रसाच्या धगीने आणि ओघाने त्यांचा पृष्ठभाग झिजला आहे, त्यावर वाहत्या पाण्यासारख्या रेषा उमटल्या आहेत. लाट्झ यांनी असे ४९ पत्रे निवडले, घासूनपुसून स्वच्छ केले आणि सातच्या सात ओळींत जमिनीवर मांडले. त्यांना रंग दिला नाही, तेलही लावले नाही. पावसाने ते गंजतात, पायांनी घासले जातात आणि पुन्हा गंजतात. सुटीच्या दिवशी शाळांच्या सहली येतात तेव्हा मुले एका पत्र्यावरून दुसऱ्यावर उड्या मारीत खेळतात, आणि त्यांच्या बुटांच्या आवाजाने भट्ट्यांच्या लोखंडी भिंती घुमतात.